मागं बघत जा

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, म्हणून इतकी वर्षं आपला पत्रव्यवहार राहूनच गेला. आज सुनेला समोर बसवलंय. मी बोलते, ती लिहिते. शाळेत शिकवते ती, त्यामुळं माझं बोलणं मधूनमधून धुऊन वाळत घालते. कुठं मी फार शहाण्यासारखी वाटले तर ती हिची करामत समज. मी होते तशीच आहे.

मी आता लातूरला असते, लेकाकडं. जळकोटकडचं आपलं गाव सुटलं, तू गेल्यावर तिकडं जाण्यासारखं काही उरलं नाही. सांगायचं ते तुझ्या पणतीचं, म्हणजे हिच्या लेकीचं. डॉक्टरकी शिकायला परदेशी गेलीय. साऱ्या मराठवाड्यातली पोरं डॉक्टर व्हायला लातूरला येतात आणि आमची लातूरची पोर थोडक्या मार्कांनी हुकून रशियाच्या अंगाला कुठंतरी जाऊन पडली. देशाचं नाव तिनं मला पाच वेळा सांगितलं, मी पाचही वेळा वेगळंच म्हणाले, मग तिनं नाद सोडला.

गेल्यावर पहिला महिना तिनं नुसतं रडून काढला. वसतिगृह ते कॉलेज, कॉलेज ते वसतिगृह, तेही चार पोरींच्या घोळक्यात. बाहेर पाऊल नाही. बापाला म्हणाली, मला परत न्या. बाप इतका हळवा की तिकीट बघायला लागला. ही सून दोन दिवस जेवली नाही. घराण्यात पहिलीच डॉक्टर व्हायची, ती अशी दारातूनच माघारी फिरणार, असं दिसत होतं. दुपारी घरात कुणी नसताना पोर मला फोन लावायची. मला आकडे कळत नाहीत, पण तिचा फोटो कळतो, त्यावर बोट ठेवलं की तोंड दिसतं.

"आज्जी, इथल्या पाट्याच वाचता येत नाहीत गं. अक्षरंच वेगळी हायत. दुकान कशाचं, बस कुठली, काई म्हणजे काई कळत न्हाई."

खोटं कशाला सांगू माय, मला आधी हसू आलं. बारा-चौदा वर्षं पुस्तकं घोकलेली पोर एका विमानात बसली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "बरं झालं," म्हटलं. "मी सत्तर वर्षं असंच फिरत आले. लातूरच्या स्टँडवर मला काय तुझ्या बापानं पाट्या वाचून दाखवल्या?"

"मग तू कशी फिरतीस?"

"मागं बघत."

तुझंच ते. तू मला सोबत घेऊन बाजाराला निघायचीस तेव्हा दर वळणाला माझी मान धरून मागं फिरवायचीस. "बघ, येताना हे असं दिसंल. जाताना दिसतं तसं न्हाई." लिंबाच्या झाडाची जाताना हिरवी बाजू, येताना वीज पडून जळालेली. घराला जाताना दार, येताना नुसती भिंत. पाटी वाचणारी माणसं मागं बघत नाहीत, त्यांना गरजच नसते. हे सारं मी पोरीला सांगितलं. रोज एकेक वळण पुढं जायचं, तिथं थांबायचं, मागं बघायचं आणि काय दिसतं ते मला फोनवर दाखवायचं. मी लातूरच्या बाजेवर पडून त्यांचं अर्धं गाव हिंडले. निळं फाटक, मोजे विणून विकणारी म्हातारी, पावाच्या भट्टीची चिमणी, एका कानाचं कुत्रं. पोर हसायला लागली. मग एका दुपारी मीच म्हटलं, "आता त्या वरच्या तारेला धरून चालणाऱ्या बसमध्ये बस. शेवटपर्यंत जा. एकटी."

इथं हिचा पेन थांबला, माय.

"आत्या, तुम्ही पाठवलं होतं तिला?"

"हाव. लिही पुढं."

"मला एका शब्दानं बोलला न्हाईत."

"तू जाऊ दिलं असतंस का?"

तिनं चष्मा पुसला आणि पेन धरला. मास्तरीण शेवटी.

त्या दिवशी थंडीनं पोरीचा फोन मेला. तिकडं म्हणे माणसाआधी फोन गारठतो. मला एवढंच कळलं की फोटोवर बोट ठेवलं तरी तोंड उमटेना. ऊन बाजेवरून भिंतीवर चढलं, भिंतीवरून गेलं. ही शाळेतून आली, चहा ठेवला, म्हणाली, आत्या, आज गप्प गप्प. मी म्हटलं, गुडघा दुखतोय. चहा झाला, भांडी झाली, तेव्हा कुठं फोन वाजला. मी विचारायच्या आत तीच भरभर बोलली, "आले गं आज्जी, मागं बघत बघत आले. निळं फाटक, कुत्रं, सगळं दिसलं." परत यायचं तिनं पुन्हा काढलं नाही. आता ती त्या गावात एकटी फिरते आणि नव्या पोरींना फिरवते.

पण तिच्या डोक्यावर एक लोकरीची लाल टोपी होती. तिच्याकडं तसली टोपी नव्हती. सामान मीच भरलं होतं.

त्या टोपीमुळं तुला हे लिहायला हिला बसवलं. बाच्या पायावरून गाडीचं चाक गेलं आणि आपण त्यांना नांदेडच्या दवाखान्यात घातलं, ते साल आठव. मी आठ-नऊ वर्षांची. तुला बाला सोडून हलता येईना, म्हणून तू मला तांब्या देऊन दूध आणायला पाठवलंस. म्हणालीस, मागं बघत जा. मी उशिरा आले, तू कान धरलास, मी भरभर सांगितलं, मागं बघत बघत आले. मग तू साऱ्या वॉर्डाला, पुढं साऱ्या गावाला सांगत राहिलीस, माझी पोर नांदेडात एकटी फिरून आली.

मी फिरून आले नव्हते, माय. तिसऱ्या वळणाला नांदेड माझ्या डोक्यात कालवलं गेलं. गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर रडत उभी होते. एका शीख बाईनं धरलं. तिचं बोलणं मला कळेना, माझं तिला. मी बासारखं लंगडून दाखवलं, तेव्हा तिला दवाखाना कळला. तिनं आधी ओंजळीत तुपानं निथळणारा गरम शिरा दिला, तांब्यात दूध घालून घेतलं आणि फाटकापर्यंत सोडून गेली. त्यानंतर जन्मभर मी मागं बघायची विद्या साऱ्यांना शिकवत आले. एकदाच कस लागला, त्यात मी नापास.

सून म्हणते, आत्या, मग पोरीला विचारा की टोपी कुणी दिली. मी नाही विचारणार. हा कागदही घडी करून गादीखालीच जाईल, सापडला तर पोर टोपीचं खरं सांगून बसायची.

आणि तूही कुठं विचारलंस? माझे हात कोपरापर्यंत तुपानं माखले होते. तू कान सोडलास, पदरानं एकेक बोट पुसलंस आणि दूध तापवायला गेलीस.