सगळ्याइची एकच पिन

मेडशी,
दि. २८ जुलै २०२५

चि. साक्षीस,
अ. उ. आ. व जयभीम.

पत्र पाहून घाबरशील म्हणून आधीच सांगते, माही तब्येत चांगली आहे. फोन उचलत नाई कारण तुहा आवाज मले ऐकू येत नाई. तू तीन वर्सांआधी घेऊन देल्लं कानाचं मशीन आठ दिवसांपासून बंद आहे. मशीनले काही झालं नाई. त्याच्या डबीची चार्जिंगची वायर उंदरानं कुरतडली. स्टँडवरच्या अंकितच्या दुकानात गेली. त्यानं होत्या तेवढ्या वायरी लावून पाह्यल्या, एकही बसली नाई. त्यानंच कंपनीले फोन केला तर ते म्हणे, हे मॉडेल बंद झालं, वायर मिळत नाई, नवीन मशीन घ्या.

मोबाइलवरचं बारीक वाचायचा मले कंटाळा येते. पंचवीस वर्सं अंगणवाडीचे रजिस्टर लिहिले, कागदावर हात चालते. म्हणून हे पत्र.

शेजारच्या रामरावच्या फवारणी पंपाचंही असंच झालं. चार्जर जळाला, दुसरा कोनता बसत नाई, अन् ऐन फवारणीत पंप घरात पडून आहे. तू बीपी अन् साखर मोजायचे मशीन बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहेस. तूच सांग, दर मशीनले वेगळी पिन काहून? सगळ्याइले एकच पिन लावा, असा कायदा सरकारनं काहून करू नये?

लग्नाचं इचारत नाई म्हणून खुश राहू नको. ऐकू आलं की इचारीन.

दूर आहेस म्हणून माया पातळ होऊ देऊ नको.
तुही आई,
भागिरथा


पुणे,
दि. ६ ऑगस्ट २०२५

आदरणीय आईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. पुढच्या आठवड्यात नवीन मशीन पाठवते. हट्ट करू नकोस. इतके दिवस काही न ऐकता तू कशी राहिलीस, या विचाराने माझं कामात लक्ष लागत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला आवडणार नाही. असा कायदा नसावा, असं आमच्या कंपनीचं मत आहे आणि बऱ्याच अंशी माझंही आहे. युरोपात फोनसाठी असा कायदा झालाय, पण प्रत्येक वस्तूची गरज सारखी नसते. एक पिन कायद्याने ठरवली आणि उद्या तिच्याहून चांगली निघाली, तर ती कागदपत्रात अडकून पडेल. शिवाय नेहमीची पिन दिली की लोक हाती येईल तो चार्जर लावतात. आमची काही मशिनं तशी जळाली आहेत.

एक गोष्ट लपवणार नाही. त्यानंतर आमच्या नव्या साखर मोजायच्या मशीनला वेगळी पिन दिली, तिचा आराखडा मीच काढला. बढती मिळाल्याचा पेढ्यांचा डबा तुला पाठवला होता, तो त्याच कामाचा.

रागावलीस तरी पत्र धाडायचं थांबवू नकोस.
तुझी,
साक्षी


मेडशी,
दि. १७ ऑगस्ट २०२५

चि. साक्षीस,
अ. उ. आ. व जयभीम.

नवीन मशीन पाठवू नको. पाठवलं तर परत करीन. जुनं चांगलं असताना ते फेकायचं, हे मले पटत नाई.

परवाच्या ग्रामसभेत मी उभी राह्यली. आपली आशा सेविका निता बाजूले बसून कोन काय बोलते ते वहीत लिहून देत होती. मी लोकाइले म्हटलं, घरी जा अन् चार्जरपायी बंद पडलेलं जे असंन ते घेऊन या. अर्ध्या घंट्यात टेबल भरलं. बॅटऱ्या, पंप, दाढीचे मशीन, प्रयागबाईच्या नातवाचं वाफेचं मशीन.

अंकितनं विरोध केला. त्याचं म्हननं होतं का सक्ती केली तर स्वस्तातल्या वस्तू महाग होतील, जुन्या वायरी उकिरड्यावर जातील अन् दुकानदाराचा माल पडून राहीन. निताची वही वाचून मी म्हटलं, उकिरड्यावर तर हे सारं आताच चाललं. पन मालाचं त्याचं बरोबर होतं. म्हणून ठरावात लिहिलं का जुना माल विकाले दोन वर्सं द्या, नवीन बनवाल ते एकाच पिनीचं बनवा. मंग त्यानंही सही केली. ठराव दिल्लीले अन् कलेक्टरले पाठवला.

आता तुह्या मताचं. माह्या नोकरीत सरकारनं रजिस्टरं तीनदा बदलली. दर खेपी आमी दोन दिवस ट्रेनिंग घेतलं अन् कामाले लागलो. चांगली पिन निघाली तर कायदा बदलता येते. हलक्या चार्जरनं मशीन जळते तर हलके चार्जर बंद करा. त्याच्यासाठी साखरेच्या मानसाले तुमच्याच एका वायरीले काहून बांधून ठेवता?

पेढ्यांचा मले राग नाई. तू मन लावून केलं असशील. पन आता ते पाह्य.

माया होती तेवढीच आहे, कमी धरू नको.
तुही आई,
भागिरथा


पुणे,
दि. ३ सप्टेंबर २०२५

आदरणीय आईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमच्या ठरावाची दखल घेतली गेली, हे तुला कळलंच असेल. लहान उपकरणांच्या पिनीबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला सरकारने नेमलेली समिती २२ तारखेला अमरावतीला येते आहे. आमच्या कंपनीलाही बोलावलंय, आणि मराठी बोलणारी म्हणून कंपनीची बाजू मांडायला मला पाठवत आहेत.

निवेदन साहेबांनी लिहिलंय. त्यात म्हटलंय की पिन बदलायला कंपनीला पाच वर्षं लागतील. बाकीचे मुद्दे मला मान्य आहेत. या एका वाक्यापाशी मी रोज अडते.

आई, तू येऊ नकोस. निताताईंना पाठव. तुझ्यासमोर उभं राहून तुझ्याविरुद्ध बोलणं मला जमणार नाही.

समजून घेशील या भरवशावर,
साक्षी


मेडशी,
दि. ९ सप्टेंबर २०२५

चि. साक्षीस,
अ. उ. आ. व जयभीम.

मी येनार. ठरावावर पहिली सही माही आहे, तर जबाब देणंही माहंच काम आहे. निता सोबत आहे. सकाळच्या एस.टी.नं अकोल्याले अन् तिथून अमरावतीले.

तू पाय मागं घेऊ नको. तुले जे खरं वाटते ते साऱ्या ताकदीनं मांड. आईपायी आवाज बारीक केला तर मले वाईट वाटीन. जे खरं नाई ते मात्र बोलू नको. येवढंच माहं म्हननं.

तुह्यावर भरवसा होता तसाच आहे.
तुही आई,
भागिरथा


पुणे,
दि. २५ सप्टेंबर २०२५

आदरणीय आईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

त्या दिवशी अमरावतीच्या स्टँडवर तुझ्याशी धड बोलता आलं नाही. मी बोलले असते तरी तुला ऐकू आलं नसतं, म्हणून सगळं लिहिते.

तुझ्या सांगण्याप्रमाणे मी चांगली बाजू मांडली. जळालेल्या मशिनांचे फोटो दाखवले. समितीच्या बाईंनाही मुद्दा पटला, आणि चार्जरच्या दर्जाचा नियम आधी हवा असं त्यांनी लिहून घेतलं. पाच वर्षांचं वाक्य मी वाचलं नाही. वाटलं, एवढ्याने निभावेल. मग तू उठलीस आणि ‘कंपनीच्या मॅडम’ अशी हाक मारून मलाच विचारलंस, की उद्या कायदा झाला तर पिन बदलायला किती वेळ लागेल. निताताईंनी वही माझ्यापुढे धरली. साहेब शेजारी होते. त्यांनी हळूच पाच म्हटलं.

आराखडा माझा होता, आई. तो पुन्हा काढायला किती दिवस आणि तपासायला किती, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी वहीत आठ महिने लिहिलं. तुला वाचता यावं म्हणून मोठं लिहिलं, ते साहेबांनाही दिसलं. तू वही तशीच समितीच्या बाईंकडे नेऊन दिलीस. मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाहीस, ते बरं केलंस.

समितीचा अहवाल डिसेंबरात आहे. लहान वैद्यकीय मशिनं यादीत घेऊ, असं त्यांनी निघताना सांगितलं. कायदा होईल की नाही, कोण जाणे. तो होईस्तोवर तुला नवीन मशीन घ्यायचं आहे. निताताईंनी तुझ्याकडून कबूल करून घेतलंय, आता फिरू नकोस.

काल साहेबांनी मला साखरेच्या मशीनच्या कामावरून काढलं आणि लेखी खुलासा मागितला. दोस्त म्हणतात, घाईत चुकून लिहिलं असं लिहून दे आणि मोकळी हो. नोकरी राहील की जाईल, सांगता येत नाही. खुलासा लिहून तयार आहे. त्यात आठ महिन्यांचा हिशोब आठवड्यागणिक मांडलाय आणि खाली पूर्ण नाव लिहून सही केलीय. आता तोच द्यायला निघाले आहे.

तुझी माया पाठीशी असू दे.
तुझी,
साक्षी