कातडी आणि अकोल्याचं स्थळ

१९ नोव्हेंबर १९६१, अमरावती
सकाळी बोटं मुठीत मिटेनात. धोतराचा काष्टा सौ.नं खोचून दिला. अंथरुणात पडलेला माझ्या कातडीचा भुसाही तिनंच झाडला, न बोलता. ती न बोलता काही करते ते वाईट.
दुपारी अकोल्याचे लोक आमच्या लेकीला, कुंदाला पाहून गेले. मुलगा तहसिलीत कारकून, जुन्या शहरात घर. मी लंगडत बाहेर आलो तर मुलाच्या वडिलांनी उठून खुर्ची दिली. "गुडघे काय? मलेबी हायेत." अर्धा तास तेच. सोयरीक आधी गुडघ्यांची जुळली. मग चहा घेताना माझी बाही वर सरकली, कोपरावरचे चट्टे दिसले. ते सरकले नाहीत. फक्त मेजावरचा आपला कप उचलून मांडीवर घेतला.

२७ नोव्हें.
मध्यस्थ म्हणजे सौ.चे मामेभाऊ. आले. मुलगी पसंत, पण "बापाले महारोग नाही, असा डॉक्टरचा कागद पाहिजे." दर शनिवारी साप्ताहिकात मी गावच्या पुढाऱ्यांना सोलतो. ही बातमी कळली तर पेढे वाटतील.

२ डिसेंबर
डॉक्टर तरुण, नागपुरात शिकलेला. नाव सांगितलं, सोरायसिस. सांधेदुखीही त्याचीच म्हणे, वेगळी नाही. "जास्त बेजार कशानं होता?" म्हणालो, सांधे मला दुखतात, कातडी लोकांना दुखते. हसला नाही. 'लागट नाही' असं लिहून दिलं. उठताना विचारलं, "घरात आणखी कोणाला? कधीकधी घराण्यात उतरतं."
"नाही."
डांबराचा मलम दिला. सौ. म्हणते, घरात सडक बांधून राह्यले का कोणी?

१० डिसें.
कागद पोचला. लग्न ठरलं, वैशाखात.
सौ. कुंदाला न्हाऊ घालत होती. "अहो, इकडे या जरा." उजव्या कानामागे, केसांच्या कडेला, चवलीच्या नाण्याएवढा चट्टा. लाल, वर पांढरी पापुद्री. बाजाराच्या गर्दीत घरचं माणूस ओळखावं तसा मी ओळखला.
सौ.: "कोंडा असन."
मी: "असेल."
कुंदा आळीपाळीनं दोघांकडे पाहत होती.

२ जानेवारी १९६२
अकोल्याचा निरोप. संक्रांतीला मुलीला आणा, हळदीकुंकू करू, हलव्याचे दागिने घालू. साखरेचे कानातले होणारी सासू स्वतःच्या हातानं घालणार. सौ. म्हणते, वेणी सैल घालू, केस कानावर घेऊ, निभून जाईल. मी म्हणालो, पत्र लिहून सांगतो. पाचदा बसलो. बोटांचं निमित्त केलं. त्याच बोटांनी परवा एका पुढाऱ्यावर तीन पानं…
कुंदा म्हणाली, "बाबा, तुमी नका लिहू. तुमी गंमत करसान."

१५ जानेवारी
काल अकोला. कुंदानं केस ओढून घट्ट अंबाडा घातला. कान उघडे. सौ.नं यायचंच नाकारलं. "मले पाहवणार नाही."
मी बैठकीत, व्याह्यांबरोबर. आत बायकांचा गलका. मग एकदम बंद. व्याही मला तिळगूळ देत होते, त्यांचा हात तसाच राहिला. थोड्या वेळानं आवाज पुन्हा सुरू, पण बारीक. कुंदा बाहेर आली. काळी चंद्रकळा, हलव्याचा हार, बांगड्या, बिंदी. कान मोकळे.
परतीच्या गाडीत, मूर्तिजापूर मागे पडल्यावर मी कुंदाला विचारलं,
"विचारलं का त्यांनी?"
"हो. म्हणल्या, हे कवापासून? मी म्हटलं, महिना झाला. बाबाले हाये तेच."
"मग?"
"मग त्यायनं कानातले डबीत घालून माह्या हातात देले."
"म्हणजे काय?"
"मले काय मालूम, बाबा."

२४ जाने.
अकोल्याहून काही नाही. मामेभाऊ चौकात दिसले, सायकलवरून उतरले नाहीत. सौ. रोज विचारते, "टोचू नयेत म्हणून हातात देले, का कानाले हात लावाचा नव्हता म्हून?" मी रोज वेगळं उत्तर देतो. दोन्ही पटवून देता येतात.
गुडघे आज बरे आहेत. त्याचाच राग येतो.
मलमाचे गिऱ्हाईक आता मी आणि कुंदा. कानातल्यांची डबी फडताळात आहे. मुंग्या चढू नयेत म्हणून कुंदानं ती पाण्याच्या ताटलीत ठेवली आहे. पाणी रोज बदलते.