मिटलेलं पान

मंगळवार संध्याकाळ, तांबरम, हॉस्टेल

दुपारी मेसमध्ये सणाचं जेवण होतं, केळीच्या पानावर. मी हावरटासारखा भात घेतला आणि तो संपेना. इथे जेवण आवडलं की पान स्वतःच्या बाजूला मिटतात. मी उरलेला भात झाकायला तसं मिटलं. वाढणाऱ्या सेल्वी अक्का खूश! "नल्ला इरुंदुदा?" जेवण छान होतं ना, म्हणाल्या. मी मान डोलावली. मग त्यांनी पान उचललं. जड लागलं असणार. उघडून पाहिलं, पुन्हा मिटून बादलीत टाकलं. ओरडल्या असत्या तर बरं. भिंतीवरचं 'अन्न टाकू नका' पोस्टरसुद्धा माझ्याच हातचं.

का मिटलं मी ते पान?

आत्ता जेवताना त्यांनी न विचारता मला अर्धाच भात वाढला. या वेळी खरंच भूक होती. 'अजून द्या' म्हणवेना.