पाण्याच्या आधी पोचावं म्हणून

प्रिय अंबिका,

अप्पाचं पत्र बघून दचकू नकोस. इकडं सगळे खुशाल आहेत. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. फोन का नाही केला म्हणशील, तर दोनदा लावला होता. तू ‘हॅलो’ म्हणायच्या आत मीच ठेवून दिला. तोंडानं बोलायला गेलं की माझा ताठा आडवा येतो, कागदावर जरा सोपं जातं.

गेल्या आठवड्यात विष्णुपुरीला बैठकीला गेलो होतो, आपल्या बंधाऱ्याच्या पाणी संस्थेचा अध्यक्ष म्हणून. तीन खोऱ्यांतली गावं एकत्र बसवून, कमी पावसाच्या वर्षी कुणी किती पाणी घ्यायचं ते ठरवायचं होतं. मी घरूनच ठरवून निघालो होतो की काही म्हणजे काही कबूल करायचं नाही. आपला जिल्हा लातूर, खालच्यांचा नांदेड, आपल्या पाण्याशी त्यांचा काय संबंध? पण तिथं सतरंजीएवढा नकाशा अंथरलेला. त्यावर जिल्हे नाहीत, तालुके नाहीत, नुसत्या नद्या. बैठक चालवणाऱ्या शिल्पाताईंनी मूठमूठ ज्वारी दिली आणि सांगितलं, आपापलं गाव शोधा, जेवढं पाणी अडवता त्या मानानं दाणे ठेवा. जळकोटच्या खाली आपलं गाव सापडलं. मी चार दाणे ठेवले. आणि त्याच निळ्या रेघेवर, चार बोटं खाली, तुझं सासर.

तुला आठवतं का, तुझ्यासाठी स्थळं बघताना मी मुलाच्या आधी विहीर बघायचो? तुझी आजी म्हणायची, पोरगी पाण्याच्या गावात द्यावी. आपल्या जावईबापूंच्या, संगमेशरावांच्या घरी मी ऐन वैशाखात गेलो, दोर सोडून बघितला, अकरा हात पाणी होतं. पत्रिकाबित्रिका राहिली बाजूला, घरी येऊन तुझ्या आईला म्हणालो, जमलं. ती म्हणाली, पोराचं नाक तरी बघितलं का?

आणि तोच मी. तीन वर्षांमागं जास्त पाणी अडवायला बंधाऱ्याला लोखंडी फळ्यांची पाचवी ओळ बसवून घेतली. मंजुरी चारच ओळींची. वरची ओळ माझ्या शब्दावर झाली, कागदावर कुठंच नाही. आपला ऊस हिरवागार राहिला आणि त्या होळीला तुझी विहीर आटली.

संगमेशराव चार माणसं घेऊन आले तो दिवस मी कितीदा आठवला असेल. रीतीप्रमाणं तुझ्या आईनं पाय धुवायला ओट्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांनी पाणी सोडा म्हणून विनवलं आणि मी सांगितलं, वरच्याचं भागलं की मग खालच्याचं. ते उठले. तांब्याला हात लावला नाही. तेव्हापासून मार्गशीर्ष अवसेच्या दोन येळवशी झाल्या, शेतातल्या जेवणाला तू आली नाहीस. तुझी आई दोन्ही वेळा भज्जी-आंबील वाढून वाट बघत बसली. सांजच्याला तिनं तुझं पान गाईपुढं ठेवलं, तेच मला लई लागलं.

तर त्या नकाशावर तुझ्या गावच्या केवळाबाईंनी एकच दाणा ठेवला. मग तोही उचलला. म्हणाल्या, संक्रांतीनंतर एवढाबी राहत नाही. मला बसवेना. मी उठलो, माझ्या चारांशेजारी पाचवा दाणा ठेवला आणि म्हणालो, “आणखी एक ओळ हाय आमची. मीच बसवली. कागदावर न्हाई.”

येताना जीपमधली आपल्या गावची माणसं माझ्यापासून सरकून बसली. काल गावची बैठक झाली, तीन तास शिव्या खाल्ल्या. भावकीतला वीरेश म्हणाला, काका, लेकीसाठी गाव विकलं. मी म्हणालो, तीन वर्षं गावासाठी लेक विकली होती, त्याचं काय? बिनमंजुरीची ओळ आता चारचौघांत उघडी पडली होती, मग हळूहळू माणसं कबूल झाली. आधी सगळ्या गावांचं पिण्याचं पाणी, मग उरलेलं, आणि तूट आली तर सगळ्यांनी वाटून घ्यायची. पाचवी ओळ निघणार. माझं अध्यक्षपदही गेलं. गेलं तर गेलं.

रविवारी सकाळी फळ्या काढायच्या आहेत. पाणी तुझ्यापर्यंत यायला दोन दिवस लागतील. तिथं सगळे म्हणतील, विष्णुपुरीच्या बैठकीनं दिलं, आणि ते खरंच आहे. पण पाणी आधी आलं आणि अप्पा मागून आला, तर तुला वाटेल, सगळं मिटल्यावर म्हातारा गोड बोलायला आला. म्हणून हे पत्र आजच्याच मुखेड गाडीच्या कंडक्टरजवळ देतोय. पोरी, तुझी विहीर मी आटवली, दुसऱ्या कुणी नाही. मला माफ कर. येळवस आठ दिवसांवर आली आहे. ये असं म्हणायचा मला हक्क नाही, पण संगमेशरावांना विचारून बघ. आले तर तांब्या ओट्यावर असेल, आणि त्यांच्या पायांवर पाणी मी माझ्या हातानं घालीन.

तुझाच,
अप्पा