मुलींची दुपारची वेळ

आबा,

तुमच्या तालमीत मुलींना दुपारची वेळ मिळाली होती, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. परवा ती वेळ गेली, म्हणून दोन्ही बातम्या एकदमच सांगते आहे.

तुम्ही होतात तेव्हा मला आत पाऊल टाकायची बंदी होती. मी बाहेरच्या ओट्यावर बसून आतलं सगळं कानांनी बघायचे. गिरणीचा भोंगा होतो, रात्रपाळीची माणसं केसांत कापूस अडकलेला तशीच येतात, तुम्ही दारातूनच त्यांना हाका मारता. कुणाची पाळी केव्हा बदलते ते तुम्हाला पाठ होतं आणि त्यावरच कुणी केव्हा यायचं ते ठरायचं. आधी सगळ्यांच्या जोर-बैठका, मग एकेकाला कुस्तीच्या हौद्यात घेऊन डाव. एकदा एका व्यापाऱ्याचा मुलगा म्हणाला, "वस्ताद, मला एकट्यालाच शिकवा, ह्या गर्दीत नको." तुम्ही म्हणालात, "आदी चौघांत घाम गाळ की. एकट्याचं मग बघू." बाहेर मी परकर तोंडात कोंबून हसले होते.

बी.ए. होऊन आले, शाळेत नोकरी धरली आणि तालमीच्या पंचांमागे लागले. भर दुपारी तिथे कुणी फिरकत नाही, म्हणून त्यांनी होकार दिला. मागच्या अंगणात खो-खो खेळा, हौद्यातल्या मातीला शिवायचं नाही, आणि मुलींचा संघ उभा राहिलेला दिसला पाहिजे, नाहीतर वेळ परत घेऊ, असं बजावलं. मला वाटलं, जिंकलं. पण आपल्या गल्लीत दुपार म्हणजे मागासाठी रहाटावर सूत गुंडाळून कांड्या भरायची वेळ, हे मी पुण्यात राहून विसरले होते. घरोघरी बाप मागावर आणि मुली रहाटावर. सुटेल तशी एकेक यायची. एखादी धाकट्याला कडेवर घेऊन. मी येईल तिला एकटीला शिकवत राहिले. पळायला सगळ्या चांगल्या होत्या, पण खो द्यायला पुढे कुणीतरी बसलेलं लागतं ना!

त्यांतली सगळ्यांत चपळ मुलगी आमच्या मागच्याच घरातली, विणकराची. तिच्या आईला मी विनवायला गेले. घरात तेलुगू चाललेलं, माझ्याशी ती मराठीत म्हणाली, "ताई, ही उठली तर रहाट कोन फिरवनार? लई कळवळा हाय तर तुमीच भरा की कांड्या!" मागावरून तिचा नवरा हसला. मी पदर खोचला आणि बसले.

मग रोज दुपारी शाळेच्या मधल्या सुट्टीत मी त्यांच्या रहाटावर आणि ती मुलगी तालमीत. सूत माझ्या हातात सारखं तुटायचं. दारावरून जाणाऱ्या बायका म्हणायच्या, "बगा गं, बीए पास कांड्या!" पण ती मुलगी घरोघर जाऊन बाकीच्यांना ओढून न्यायला लागली. मी जाऊन त्यांना शिकवायचं, तर हिला परत रहाटावर बसावं लागणार. मला दोन्हीकडे असता येईना.

परवा पंच न सांगता आले. अंगणात मुली खेळत होत्या, बाई कुठेच नाहीत, आणि एक चिमुरडी हौद्यात बसून लाल मातीची भाकरी थापत होती. "बाई कुटं हायत?" "कांड्या भराय गेल्यात." तसेच ते गल्लीत आले. माझ्या मांडीवर सुताचा गुंता होता. त्यांतले म्हातारे पंच म्हणाले, "वस्तादांची लेक म्हनून वेळ दिली, ताई. तुमी हितं, पोरी तितं. ह्याला काय शिकवनं म्हनायचं?" वेळ त्यांनी तिथल्या तिथे परत घेतली. संध्याकाळी मुलींनी सांगितलं की त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा पुरा डाव रंगला होता. तो मी पाहिला नाही.

ती चपळ मुलगी आज दाराशी आली. "ताई, उद्या कवा यायचं?" मी म्हटलं, सांगते. तेवढ्यात आईने हाक मारली म्हणून ती गेली. दुसरी जागा शोधेन असं मी सगळ्यांना सांगत फिरते आहे. जागा मिळाली तरी दुपार कुठून आणणार?

हे टपालात पडणार नाही, म्हणूनच लिहिते. आज मधल्या सुट्टीत मला कुठेच जायचं नव्हतं. शाळेच्या खोलीत मी डबा उघडून सावकाश जेवले, आणि आबा, मला बरं वाटलं.