दोन शेकांमधली सवड

जळगाव, २ मार्च १९९६

चि. ज्योत्स्ना,
आबाचा आशीर्वाद.

पोरी, मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. विजेचे शेक शेजारच्या भिकुबाईला नाहीत, तुझ्या आजीला चालू आहेत. छातीत गाठ निघाली.

हाल लवकर संपावेत म्हणून मी डॉक्टरांना म्हणालो, "सगळे शेक एकाच दिवशी देऊन टाका." ते हसले. रोज थोडाच का, ते भिकुबाईच्या नावानं तुला विचारलं आणि तुझ्या उत्तरातून कळलं. शेकाच्या किरणांनी पेशीतला डीएनएचा धागा तुटला, की काही प्रथिनं पेशीची वाढ थांबवतात आणि धागा सांधायला लावतात. चांगल्या पेशीला तेवढी सवड लागते. गाठीतल्या पेशी बहुतेक थांबतच नाहीत, तुटक्याच पळतात आणि मरतात. धुळ्याच्या गिरणीत धागा तुटला की माझा मागही थांबायचा. तरी मला हे सुचलं नाही.

तुझं उत्तर आजीला वाचून दाखवलं. म्हणाली, "मंग माले बी दुपारले झोपू द्या. घडीघडी कपाळले हात नका लावू. आन पोरीले सांगशात, ते मी उद्या शेकाले येवाव नही!"

तुझी परीक्षा आणि तिचे शेक संपेपर्यंत ही चिठ्ठी माझ्या खिशातच राहील.

ती आता झोपली आहे. मी हात मागे बांधून बसलो आहे.

तुझा काळजीखोर,
आबा