अम्मींची पंचवीस कार्डं

दिल्ली,
८ सप्टेंबर १९९८

प्रिय जोहरा,
सा. न. वि. वि.

पत्र असंच सुरू करतात एवढंच शाळेतलं आठवतं, म्हणून लिहिलं. फोन करायचा तर तो आप्पासाहेबांच्या दुकानात, आणि तिथं मीठ-मिरची घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा आपलं बोलणं कान देऊन ऐकतं. तेव्हा मनातलं पत्रातच लिहीन. आज तुझी फार आठवण आली. चहात आलं नव्हतं, एवढंच निमित्त झालं.

परवा यंदाच्या दौऱ्याची पहिली स्पर्धा. लग्नाला आठ महिने झाले तरी नवरा नक्की काय करतो हे तुला सांगता येत नाही, म्हणून नीट लिहितो. गोल्फचा खेळ चार दिवसांचा, गुरुवार ते रविवार. ज्याला कमी फटके लागले तो पुढं. शुक्रवारी संध्याकाळी निम्म्याहून जास्त खेळाडूंना बाहेर काढतात, त्याला कट म्हणतात. कट हुकला की शनिवार-रविवार मोकळे. मार्चपर्यंत असं गावोगाव फिरायचं. शेवटी जो पहिल्या साठांत असेल त्याचं कार्ड राहतं, म्हणजे पुढच्या साली खेळायची परवानगी. बाकीच्यांचं जातं. छावणीच्या ज्या मैदानाचं गवत अब्बांनी जन्मभर कापलं, तिथल्या पोराला हे कार्ड मिळालंय. ते मला राखायचं आहे.

निघताना तुला दिलेला शब्द ध्यानात आहे. जिथं कट हुकेल तिथून थेट घरी. तेवढा तरी रविवार तुझा.

अम्मीला सलाम. लोभ आहेच, मी येईपर्यंत तो आटू देऊ नकोस.

तुझा,
युसूफ


औरंगाबाद,
१९ सप्टेंबर १९९८

छावणीच्या चॅम्पियनसाहेबांना,
स. वि. वि.

दचकू नका. तुमच्या पत्रातलं ‘सा. न.’ म्हणजे साष्टांग नमस्कार. नवऱ्यानं बायकोला दिल्लीहून लोटांगण घातलं हे अम्मींना कळलं तर माझी धडगत नाही. म्हणून मी नमस्कार काढून सलाम घातला. फुलंब्रीच्या शाळेत गुरुजींनी एक गुण कापला असता. तुम्ही कापू नका.

पत्र अम्मींना वाचून दाखवलं, आल्याच्या चहाचं तेवढं गाळून. कार्ड जाणार म्हटल्यावर त्या घाबऱ्या झाल्या. त्यांना वाटलं तुमच्याजवळची पोस्टकार्डं संपत आली. त्यांचं म्हणणं पडलं की आपल्या पोस्टात लई कार्डं पडलेली असताना पोरानं परक्या गावात लोकांपुढं हात कशाला पसरायचा. दुसऱ्याच दिवशी स्वतः जाऊन पंचवीस आणली आणि बसवून घेऊन माझ्याकडून सगळ्यांवर घरचा पत्ता लिहून घेतला. बोटं दुखली माझी. ते कार्ड वेगळं, हे वेगळं, असं मी परोपरीनं सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, पत्ता लिहिलेलं कार्ड कधी हरवतं का. सगळी सोबत पाठवतेय, सांभाळा.

आता माझं सांगते. शुक्रवारी दुवा मागायला बसते तर काय मागावं सुचत नाही. कट बसू दे म्हणावं तर तुम्ही येत नाही. हुकू दे म्हणावं तर मी बायको कसली? काल नुसतेच हात पसरून बसून राहिले. एवढं लांबलचक काय मागतेस म्हणून अम्मी चिडवत होत्या.

आमच्यावरचा लोभ खेळावरच्या लोभाइतका नसला तरी चालेल, पण असू द्या.

तुमची,
जोहरा


बंगलोर,
२० ऑक्टोबर १९९८

प्रिय जोहरा,
स. वि. वि.

कार्डं पोचली. थैलीच्या आतल्या कप्प्यात ठेवली आहेत, चेंडूंच्या शेजारी. अम्मीला म्हणावं, आता काळजी मिटली.

दिल्लीत कट बसला. चंडीगढलाही चाललं आपलं, विशेष लिहिण्यासारखं नाही. खेळ चालू असल्यानं त्या रविवारी यायला जमलं नाही. इथं पाऊस फार आहे. खोलीच्या खिडकीतून मैदान दिसतं, सगळं हिरवंगार. ते बघताना मला मात्र आपल्या ओट्यावरचं तुझं तुळतुळीत घासलेलं पितळेचं पातेलं आठवतं. का ते विचारू नकोस.

घाईत आहे. लोभाला घाई नाही, तो सवडीनं करत राहा.

तुझा,
युसूफ


औरंगाबाद,
२२ जानेवारी १९९९

युसूफ यांस,
स. वि. वि.

परवा ईद झाली. अम्मींनी शीरखुर्म्याचं एक भांडं झाकून बाजूला ठेवलं होतं. दाराशी रिक्षा थांबली की त्या उठायच्या. काल दुपारी ते भांडं मी घासलं. मुबारकबाद द्यायला आलेल्यांना त्यांनी अभिमानानं सांगितलं की युसूफचा खेळ चालू आहे, नाही तर तो आल्याशिवाय राहिला नसता.

खेळ चालू नव्हता. औरंगपुऱ्यातल्या वाचनालयात इंग्रजी पेपर येतो. दौरा सुरू झाल्यापासून मी दर शनिवारी तिथं जाते. एकदा यादी वरून वाचायला लागले, तुमचं नाव सापडेना. मग खालून वाचली. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, कट हुकलेल्यांत होतं. ते चंडीगढचं. पेपर वाचला त्या दिवशी मी धावत घरी आले, तांदूळ भिजवले, तुमचा सदरा इस्त्री केला. रविवारी दिवसभर वाट पाहिली. आणि मग तुमचं पत्र आलं की खेळ चालू होता.

असं एकदा नाही, चारदा झालं. चौथं पुण्याचं, ईदच्या आधीचं. पुणं म्हणजे एसटीनं पाच-सहा तास. अम्मींना मी काही सांगितलेलं नाही. तुम्ही मला सांगा. ते चार रविवार तुम्ही कुठं होतात? दुसरी कुणी असेल तर तेही लिहा. नसेल तर मग एवढं काय आडवं येतं, की पाच तासांचा रस्ता तुम्हाला सापडत नाही?

लोभाचं आज काही लिहीत नाही.

जोहरा


पुणे,
३० जानेवारी १९९९

प्रिय जोहरा,
स. वि. वि.

दुसरी कुणी नाही. अम्मीची शपथ.

लग्न ठरवताना तुझ्या वडिलांनी विचारलं होतं की खेळून कुणाचं पोट भरतं का. मी तोऱ्यात म्हणालो, मी हरून घरी बसलेला कधी दिसलो तर तेव्हा विचारा. तेच माझ्या मानगुटीवर बसलंय. छावणीत शिरलो की पानवाल्यापासून सगळे चॅम्पियन म्हणून हाक मारतात. तूही पत्रात तेच लिहितेस. मग ज्याला शुक्रवारी बाहेर काढलं तो माणूस घेऊन तुझ्यापुढं कसा येऊ? चंडीगढहून निघालो होतो, खरंच. मनमाडला उतरलो. औरंगाबादची गाडी समोर उभी होती. मी बाकावर बसून राहिलो आणि ती सुटू दिली. पुढच्या तिन्ही वेळा तर स्टेशनवरही गेलो नाही. ईदच्या दिवशी इथं सरावाच्या मैदानावर एकटाच चेंडू मारत होतो. नमाज पढून आलो आणि तेच करत राहिलो. शीरखुर्म्याची आठवण आली तेव्हा मात्र हात चालेना.

मी सध्या एकाहत्तरावा आहे. मार्चमध्ये दिल्लीत शेवटची स्पर्धा. तिथं कट बसला तर साठांत येण्याची आशा आहे. हुकला तर कार्ड गेलं. त्या शनिवारी तू पेपर बघू नकोस, एवढं ऐक.

लोभ मागायला तोंड राहिलेलं नाही, तरी मागतो.

युसूफ


औरंगाबाद,
१० फेब्रुवारी १९९९

प्रिय युसूफ,
स. वि. वि.

मनमाडचं वाचून मी फार रडले. बायकोनं नवऱ्याचं नाव लिहू नये म्हणतात. मागच्या वेळी ते रागानं लिहिलं, आज मात्र ‘चॅम्पियन’ लिहायला हात धजेना. चिडवायला म्हणून लिहीत होते. त्याचं तुम्हाला एवढं ओझं झालं असेल हे मला कळलं नाही. माफ करा.

पेपर बघू नको म्हणता, ते मी ऐकणार नाही. बघणार, आणि खालूनच वाचणार. त्या यादीत वर असलेले रविवारपर्यंत लोकांचे असतात. तळाशी असलेला तेवढा माझा. कट बसू दे अशी दुवा या वेळी मी मनापासून मागेन, कारण कार्ड तुम्हाला हवं आहे. पण हुकला तर मी तोंड पाडून बसणार नाही, तांदूळ भिजवीन. वडिलांनी विचारलं तर माझा नवरा सुट्टीवर आलाय असं मी सांगेन.

किती फटके, कितवा नंबर, काही लिहू नका. अम्मींच्या कार्डांतलं एक टाका आणि कधी येता तेवढं लिहा. पंचवीसपैकी एकही अजून घरी आलेलं नाही. त्या रोज पोस्टमनला विचारतात.

लोभाचं विचारलंत. तो कधी कटात सापडला नव्हता.

तुमची,
जोहरा


मनमाड,
६ मार्च १९९९, शनिवार

प्रिय जोहरा,
स. वि. वि.

काल दोन फटक्यांनी कट हुकला. कार्ड गेलं. तू यादी वाचली असशीलच.

त्याच बाकावर बसून अम्मीच्या कार्डावर लिहितोय. औरंगाबादची गाडी लागली आहे. हे पेटीत टाकलं तर मंगळवारी पोचेल आणि मी आज संध्याकाळी. म्हणून टाकत नाही, बरोबरच आणतो. पत्ता तुझ्याच अक्षरात आहे, चुकणार नाही. अम्मी म्हणाली ते खरं होतं.

दार उघडलंस की आधी हे वाच, मग माझ्याकडे बघ.

तुझा,
युसूफ